एकशे चौदावी

पावसाळाभर उपग्रहाला गगनबावड्यावर नुसते ढग दिसले.
ऑक्टोबर सरता सरता आभाळ फाकलं
आणि पडद्यावर डोंगर आले,
हिरव्या अंगावर तपकिरी ओरखडे,
मांजरानं पोतं बोचकारावं तसे.
कोल्हापुरात, ताराबाई पार्कातल्या भाड्याच्या खोलीत
एकेकीच्या कडेकडेनं मी माऊस फिरवत गेले.
वरचं टोक माथा, खालचं पायथा,
मधे डोंगराचं जे काही होतं ते
चौरस मीटरमध्ये.

एकशे तेरा झाल्या.
मग पडताळायला पायी निघाले.

बमू येडगे पुढं, कोयत्यानं कारवी सारत,
मी मागं, गळ्यात जीपीएस, मोज्यांत कुसळं.
"ही सत्त्याहत्तर," मी म्हटलं.
तो थांबला. "ही व्हय? ही दरड न्हवं बाई.
हे ठकूआत्तीचं वरीचं रान. कापलंय, म्हणून उघडं दिसतंय."
सत्त्याहत्तर खोडली.
एकोणनव्वद निघाली नव्या रस्त्याची माती,
ठेकेदारानं रातोरात उतारावर लोटलेली.
ही अजून दरड नव्हती.
पुढच्या पावसात झाली असती.
पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं, आणि बराच वेळ
त्याच्या टिंबावर पेन्सिल टेकवून उभी राहिले.

सड्यावर बसून भाकरी खाल्ली.
मी त्याला सांगू लागले, जांभा पाणी कसं पितो,
खालचा शेडू कसा फुगतो, किती मिलिमीटरला काय होतं.
त्यानं ऐकून घेतलं.
"म्हंजे वर दगूड, खाली लोणी," तो म्हणाला.
"आन् लोण्यावर दगूड किती दिस बसंल?"
माझ्या अहवालात याला दीड पान लागलं होतं.

मग तो मला नकाशात नसलेल्या जागी घेऊन गेला.

अकरा घरं. दारांना कड्या. गोठ्यांत शेण वाळून खडंग.
झाडं उभी, सगळी एकाच बाजूला कललेली,
कुणी हाक मारल्यासारखी.
इथं डोंगर पडला नव्हता.
पुरुषभर खाली बसला होता आणि थांबला होता.
उपग्रहाला वरून हिरवंच दिसणार.
तलाठ्यालाही तसंच दिसलं:
"घर पडलं का?" "न्हाय." "मग नुकसान काय?"
आणि पंचनाम्याचा कागद कोराच घडी झाला.

वाड्याच्या वर, हिरड्याखाली, भेग.
अल्याड एक खुंटी, पल्याड एक,
मधे म्हशीच्या दाव्याची दोरी.

ठकू येडगे तिथंच बसलेली होती, आमच्या आधी पोचलेली.
आता खिंडीपलीकडं शाळेच्या पडवीत राहते,
पण दर आठवड्याला चढून येते.
"आखाडात एक बोट," ती म्हणाली.
"नागपंचमीला चार.
त्या रातीला हात आत गेला, बांगड्यांसकट.
मग म्हशी सोडल्या, आन् माणसं उठवली."
याच क्रमानं म्हणाली.

मी फॉर्म काढला.
घटनेची तारीख: या रकान्यात काय लिहू?
बमू म्हणाला, "लिवा की, चालू हाय."

एकशे चौदावी मी तिथंच बसून काढली,
टॅबवर, बोटानं, तुटक रेषेत.
ठकूनं पडदा उन्हातून सावलीत ओढला.
स्वतःचं घर शोधलं, गोठा शोधला, हिरडा सापडला नाही.
मग भेगेवर नख ठेवलं.

"ही अशी तुटकी कशापायी?"

"ठाम माहीत नसलं की तुटक काढतात, मावशी.
अंदाज म्हणून."

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा खुंट्यांकडं.
उठली, गुडघ्यावर हात ठेवून,
आणि दोरी बोटानं टणकन वाजवून दाखवली.